पडद्यावरचा लाकूडतोड्या आणि जंगलातला मजूर

मजुराची स्तुती सुरू झाली की मी सावध होतो. ही सवय मला पुस्तकांनी लावलेली नाही, वस्तीने लावलेली आहे. महार इमानी, महार काटक, महार रात्रीबेरात्री सरकारी खजिना डोक्यावर घेऊन दहा कोस जाईल पण त्यातल्या पैला हात लावणार नाही, अशी स्तुती गावगाड्याने पिढ्यान् पिढ्या केली. या स्तुतीच्या मोबदल्यात माणसाला आठी प्रहर राबवून घेतले आणि पदरात टाकले ते बलुते आणि शिळी भाकर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले, त्याच्या मुळाशी हाच व्यवहार होता. काम किती आणि दाम किती? गावाला हा प्रश्न आवडला नाही. इमानाची गोष्ट चालू असताना दामाची गोष्ट काढणारा माणूस नेहमीच उर्मट ठरतो.

हे सारे आठवण्याचे कारण वेगळेच आहे. मी जेथे शिकवतो तेथे माध्यमांवरच्या एका तासाला विद्यार्थ्यांना 'ॲक्स मेन' या अमेरिकन मालिकेचा एक भाग दाखवला. जंगलात झाडे पाडणाऱ्या, ओंडके ओढणाऱ्या माणसांवरची ही मालिका २००८ साली तिकडच्या हिस्टरी वाहिनीवर सुरू झाली आणि पुढे अनेक वर्षे चालली. तिचे यश पाहून डिस्कव्हरी वाहिनीने २००९ साली मेन राज्यातल्या लाकूड कंपनीवर 'अमेरिकन लॉगर्स' आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या दलदलीवर 'स्वॅम्प लॉगर्स' अशा मालिका काढल्या. या जातीच्या कार्यक्रमांना 'रिॲलिटी' म्हणतात. म्हणजे वास्तव. दलित साहित्याने ज्या शब्दासाठी प्रस्थापितांशी भांडण मांडले, तो शब्द करमणुकीच्या बाजारात इतका स्वस्त झालेला पाहून हसावे की रडावे कळत नाही.

भाग संपला. मुले खूश होती. यंत्रे, उतार, पाऊस, शिव्या, सगळेच त्यांना आवडले. मलाही आवडले होते, हे कबूल केले पाहिजे. मग मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, ह्यांची उचल किती?" वर्ग हसला. त्या मुलाचे आईवडील दर दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कोयत्याला किती उचल, टनामागे किती दर, किती फिटली, किती अंगावर राहिली, या हिशेबातच त्याचे बालपण गेले. हातात हत्यार घेऊन राबणारा माणूस त्याने पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला तो मजुरीचा. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या त्या भागात त्याचे उत्तर कोठेही नव्हते. त्यानंतर मी या मालिकांचे जमतील तेवढे भाग पाहिले. हा लेख त्या मुलाच्या प्रश्नाचाच विस्तार आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. अशा मालिकांवर टीका करणारे बहुधा म्हणतात की सगळे खोटे असते, भांडणे घडवून आणलेली असतात, धोका फुगवलेला असतो. भांडणांबद्दल ते बरोबर असेल. धोक्याबद्दल मात्र ते साफ चुकतात. धोका खरा आहे. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी खात्याने २०२२ सालचे आकडे दिले आहेत, त्यांत लाकूडतोडीच्या कामात दर एक लाख पूर्णवेळ कामगारांमागे शंभराहून अधिक मृत्यू नोंदले आहेत. सर्व धंद्यांची मिळून सरासरी होती ३.७. म्हणजे हे काम त्या देशातल्या सर्वसाधारण कामापेक्षा सुमारे सत्तावीसपट मारक आहे. वरून तुटून लटकलेल्या वाळक्या फांदीला तिकडचे कामगार 'विधवा करणारी' म्हणतात. ही म्हण कोणा पटकथालेखकाच्या डोक्यातून आलेली नाही.

मग खोटेपणा कोठे आहे? तो आहे धोक्याचे कारण सांगण्यात.

डोंगरउतारावरचे काम कसे चालते ते आधी पाहू. वर सपाटीवर एक उंच पोलादी मनोरा उभा असतो. त्यावरून जाड तारेचा दोर खाली दरीपर्यंत ताणलेला असतो. दोराला लोंबणारे तारेचे फास घेऊन माणसे खाली उतरतात. निसरड्या, फांद्यांनी आणि बुंध्यांनी भरलेल्या उतारावर ती पळतात, पाडलेल्या ओंडक्याखालून फास सारतात, आवळतात आणि बाजूला होतात. शिट्टीचा इशारा जातो. वर यंत्र दोर ओढू लागते, ओंडके उसळत वर जातात. बाजूला व्हायला जो वेळ मिळतो तो सेकंदांत मोजायचा. फास टाकणारा हा या उतरंडीतला सर्वांत खालचा माणूस. नवा भरती झालेला, कमी पगाराचा आणि ओंडक्याच्या सर्वांत जवळ उभा राहणारा.

आता या माणसाला बाजूला व्हायला पुरेसा वेळ मिळतो की नाही, हे कशावर ठरते? त्याच्या छातीवर नव्हे. दिवसाला किती ट्रक भरायचे यावर ठरते. किती ट्रक भरायचे हे कंत्राटदार ठरवतो. कंत्राटदाराने लक्षावधी डॉलरची यंत्रे बँकेच्या कर्जावर घेतलेली असतात, तेव्हा त्याचा आकडा ठरतो हप्त्यावर आणि गिरणीने दिलेल्या भावावर. जमीन आणि झाडे बहुधा मोठ्या लाकूड कंपन्यांची, गुंतवणूकदार संस्थांची नाही तर सरकारची. अशी ही साखळी आहे. मालिकेत या साखळीतली शेवटची एकच कडी दिसते, आणि ती म्हणजे पळणारा माणूस. कोणत्या कंपनीने किती ट्रक भरले याची तुलना मात्र मालिका मोठ्या हौसेने करते आणि धावफलकासारखा निकाल सांगते. मजुराच्या जिवावर उठणारा जो आकडा, त्याचीच इथे शर्यत झाली! निवेदक आपल्या खर्जातल्या आवाजात पावसाला शत्रू म्हणतो, उताराला शत्रू म्हणतो, काळाला शत्रू म्हणतो. गिरणीच्या भावाला तो शत्रू म्हणताना मी एकदाही ऐकला नाही.

अपघात होता होता वाचला की कॅमेरा त्या पोराच्या चेहऱ्यावर जातो. तो घाबरला का? तो टिकेल का? नवख्या पोराची परीक्षा हे या मालिकांचे आवडते कथानक आहे. पोरगा टिकला तर तो मर्द, गेला तर कच्चा. म्हणजे कामाची जी परिस्थिती, ती माणसाचा स्वभाव बनून समोर येते. हा साहित्यातला जुनाच डाव आहे. दलिताचे दारिद्र्य हे त्याच्या आळसातून, व्यसनातून किंवा फार तर नशिबातून आले असे दाखवणाऱ्या कथा आपण कमी वाचल्या आहेत काय? इथे दुर्गुणाऐवजी सद्गुण आहे एवढाच फरक. दारिद्र्याला दुर्गुण चिकटवा नाही तर धोक्याला शौर्य चिकटवा, व्यवस्था दोन्हीकडून सुटते.

'ॲक्स मेन'मधल्या एका कंपनीच्या मालकाला एक हात नाही. जंगलातल्याच अपघातात तो गेला. त्या जागी बसवलेला कृत्रिम हात मालिकेत वारंवार दिसतो आणि तो जणू त्या घराण्याचे निशाण होऊन बसतो. त्या गृहस्थाच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण हात गेल्यावरही जंगलात राहू शकला तो माणूस मालक आहे. फास टाकणाऱ्या पोराचा हात गेला तर तो दुसऱ्या दिवसापासून चौकटीच्या बाहेर. त्याला नुकसानभरपाई किती मिळाली, घर कोणी चालवले, हे विचारायला कॅमेरा त्याच्या दारात जात नाही. मालक आणि मजूर एकाच चिखलात उभे आहेत, सबब दोघांचे दुःख एकच, असा जो भास या मालिका निर्माण करतात त्याला हे उदाहरण फार उपयोगी पडते. छोटा कंत्राटदारही पिळला जातो हे मी नाकारत नाही. पण पिळला जाणारा आपल्याखालच्याला पिळतो, हे उतरंडीचे गणित आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही.

संघटनेचा तर या मालिकांना वासही नाही. ज्या वायव्येकडच्या जंगलांत 'ॲक्स मेन' घडते, तिथल्या कामगारांनी १९१७ साली आठ तासांच्या दिवसासाठी आणि माणसासारख्या राहुट्यांसाठी मोठा संप केला. तोवर मजुराने आपले अंथरूण आपल्याच पाठीवर वाहून एका तळावरून दुसऱ्या तळावर जायचे, उवा-पिसवांत झोपायचे, अशी रीत होती. १९१८ साली आठ तास मिळाले, आणि त्या वर्षीच्या मे दिनाला कामगारांनी ती अंथरुणे जाळली. मला विचाराल तर अमेरिकेच्या लाकूडतोडीतले खरे नाट्य हे आहे. आपल्याकडे मेलेली ढोरे ओढायचे नाकारले गेले त्या दिवसाशी नाते सांगणारी ती आग आहे. मालिका 'परंपरा' हा शब्द सारखा वापरते. परंपरा म्हणजे आजा, बाप आणि मुलगा. परंपरेत संप नाही.

आणि हा कार्यक्रम स्वतः कसा तयार होतो? 'रिॲलिटी' म्हटले की लेखक लागत नाही, नट लागत नाही असे म्हणता येते. लेखक-नटांच्या संघटनांनी भांडून मिळवलेले दर त्यामुळे द्यावे लागत नाहीत. प्रसंग जुळवणारी, संवाद निवडणारी, कथानक रचणारी माणसे तिथेही असतातच, फक्त त्यांना लेखक म्हणत नाहीत. २००६ साली अशाच एका लोकप्रिय कार्यक्रमाच्या कथानक रचणाऱ्यांनी लेखक-संघात येण्यासाठी संप केला होता, तो फसला. म्हणजे मजुरी लपवणारा हा कार्यक्रम उभा आहे तोही मजुरी लपवूनच. असो.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मालिकेने काय वगळले हे सांगताना मला एका पुलाची गोष्ट सांगितली पाहिजे.

मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचे राज्य. त्याच्या उत्तरेला शेकडो मैल जंगल आहे आणि त्यातून लाकूड कंपन्यांचे कच्चे खासगी रस्ते जातात. 'अमेरिकन लॉगर्स'मधल्या अजस्र ट्रकांचा थरार याच उत्तर मेनच्या रानातला. बर्फ, वळणे, तुटके पूल, ओंडक्यांनी लादलेला ट्रक घसरतो की राहतो. याच रानात १२ सप्टेंबर २००२ रोजी सकाळी एक व्हॅन कामावर चालली होती. आत पंधरा मजूर होते. ॲलागॅश जलमार्गावरच्या एका अरुंद लाकडी पुलावरून ती पाण्यात पडली. एक जण कसाबसा बाहेर आला, चौदा बुडाले. दहा होंडुरासचे, चार ग्वाटेमालाचे. मेन राज्याच्या इतिहासातला तो सर्वांत भीषण रस्ता-अपघात होय.

ही माणसे काय काम करीत होती? दाटलेल्या कोवळ्या झाडांतली नको ती झाडे कापून जंगल विरळ करायचे, म्हणजे उरलेली झाडे जोमाने वाढतात आणि पुढे तोडीला येतात. अमेरिकेतल्या जंगलांत झाडे लावणे, विरळणी करणे, तणनाशक फवारणे ही कामे फार मोठ्या प्रमाणावर मध्य अमेरिकेतून आणि मेक्सिकोतून हंगामी परवान्यावर आणलेले मजूर करतात. त्यांना 'पिनेरो' म्हणतात, पाईनच्या झाडांत राबणारे. कॅलिफोर्नियातल्या 'सॅक्रामेंटो बी' या दैनिकाने २००५ साली त्यांच्यावर मोठी लेखमाला छापली, तेव्हा कोठे शहाण्यासुरत्या अमेरिकेला हा शब्द कळला. त्यांचा परवाना 'एच-टू-बी' नावाचा. तो एकाच मालकाशी बांधलेला असतो. मालक सोडला की परवाना गेला. सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने २००७ साली या पद्धतीवर अहवाल काढला, त्याच्या नावातच या पद्धतीला गुलामीच्या जवळची म्हटले आहे. गावाहून निघण्यासाठी कर्ज काढायचे, आणि ग्वाटेमालातल्या काही मजुरांना तर काम अर्धे टाकून पळू नये म्हणून घराजमिनीचा कागद दलालापाशी ठेवावा लागला, असे त्यात नोंदले आहे.

हे वाचले तेव्हा मला माझा तो विद्यार्थी आठवला. "उचल किती?" हा प्रश्न त्याने चुकीच्या जागी विचारला म्हणून वर्ग हसला होता. प्रश्न चुकीचा नव्हता. कॅमेरा चुकीच्या जागी उभा होता. त्याच जंगलात उचल होती, मुकादम होता, गहाण कागद होता.

एकच झाड आहे, हे लक्षात घ्या. ते लावतो, वाढवतो, भोवतालचे रान कापून त्याला उजेड देतो तो पिनेरो. ते पाडतो, ओढतो, ट्रकवर चढवतो तो पडद्यावरचा वीर. पहिल्याच्या कामात थरार नाही म्हणून कॅमेरा तिकडे गेला नाही, असे निर्माते म्हणतील. पण चौदा माणसे ज्या पाण्यात बुडाली त्या रानातल्या पुलांचा आणि रस्त्यांचा थरार मालिकेला हवाच होता! सात वर्षांनी त्याच मुलखात कॅमेरे गेले. रस्ता घेतला, धूळ घेतली, भीती घेतली आणि मेलेली माणसे वगळली. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलना'त श्रमाच्या वाटणीआड श्रम करणाऱ्यांचीच वाटणी कशी लपलेली असते ते १९३६ सालीच दाखवून दिले. अमेरिकेत जात नाही असे सांगणाऱ्यांनी या जंगलाकडे त्या नजरेने एकदा पाहावे. एका झाडावर दोन प्रकारची माणसे राबतात. एकाच्या वाट्याला इतिहास येतो आणि दुसऱ्याच्या वाट्याला हजेरीपटसुद्धा येत नाही.

इतिहास म्हटला म्हणून सांगतो. 'ॲक्स मेन'चा पहिला हंगाम ज्या ओरेगन राज्यात झाला, त्याच्या राज्यघटनेतच काळ्या माणसाने येथे वस्ती करू नये असे कलम होते. ते १९२६ साली निघाले. त्याआधीच, १९२३ साली, मिसुरीच्या एका लाकूड कंपनीने ओरेगनच्या ईशान्येला मॅक्सव्हिल नावाचे गाव वसवले आणि दक्षिणेकडून कुशल काळे लाकूडतोडे आपल्या बायकामुलांसह तेथे आणले. कायदा नाही म्हणत होता, पण कंपनीला हात हवे होते. गावात गोऱ्यांची वस्ती वेगळी, काळ्यांची वेगळी. शाळाही दोन. कामाला मात्र जंगल एकच. लाकडाचा बाजार बसला तशी १९३३ साली कंपनी गेली आणि गाव उठले. वेशीबाहेरची वस्ती, वेगळी शाळा आणि गरज असेल तेव्हा आत घेणारा दरवाजा, याचे वर्णन आपल्या वाचकांना वेगळे करून सांगायला नको.

या मॅक्सव्हिलच्या एका काळ्या लाकूडतोड्याची मुलगी ग्वेंडोलिन ट्राइस. आपले वडील तरुणपणी तेथे लाकूड तोडीत होते हे तिला प्रौढ वयात कळले. मग ती त्या मुलखात परत गेली, म्हाताऱ्या झालेल्या काळ्या-गोऱ्या माणसांच्या आठवणी गोळा केल्या आणि मॅक्सव्हिलच्या स्मृतीचे केंद्र उभे केले. ओरेगनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने २००९ साली तिच्यावर 'द लॉगर्स डॉटर' हा माहितीपट केला. राज्य तेच, धंदा तोच आणि काळही जवळपास तोच. एका वाहिनीने आजा-बाप-मुलाची परंपरा विकली. दुसऱ्या पडद्यावर एक मुलगी बापाच्या नावाचा शोध घेत होती. या दोहोंत वास्तव कोणते, हा प्रश्न मी विद्यार्थ्यांपुढे ठेवणार आहे.

तिच्या कथनात शौर्याचा गजर नाही. वडील काय कमावत, कोठे राहत, मुले कोणत्या शाळेत जात, गावाला कसे वागवले जाई, हे आहे. दलित आत्मकथनांवर 'रडगाणे' म्हणून शिक्का मारणाऱ्या समीक्षकांना हेही रडगाणेच वाटेल. दैन्य दाखवले की रडगाणे आणि धाडस दाखवले की करमणूक, या दोन खणांपलीकडे मजुराला जागा देणारी दृष्टी आपल्याही समीक्षेत अजून पुरती रुजलेली नाही. उद्या कोणी ऊसतोडीवर अशी मालिका काढील. कोयता चमकेल, पहाटेच्या धुक्यात बैलगाडी डुलेल, कोणत्या टोळीने किती टन तोडले याचा फलक लागेल, आणि आपल्यातलेच काही जण म्हणतील, बघा, आपली माणसे पडद्यावर आली. मला त्या दिवसाची धास्ती आहे, कारण मीसुद्धा 'ॲक्स मेन'चे पुढचे भाग नुसते अभ्यासासाठी पाहिले असे छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. ते गोडी लावतात.

पुढच्या महिन्यात पुन्हा तो तास आहे. या वेळी मालिकेच्या भागाबरोबर मेनमधल्या त्या अपघाताची माहितीही वर्गात ठेवीन. मागच्या बाकावरचा तो मुलगा मात्र दिवाळीनंतर वर्गात असेल की टोळीबरोबर कारखान्यावर, हे अजून त्यालाही माहीत नाही. वडिलांच्या अंगावर मागच्या हंगामाची उचल शिल्लक आहे, असे तो परवा म्हणाला.